जामीन राहिलेले वाचक

आमच्या घरी शिवलीलामृताची पोथी होती. श्रावणातल्या सोमवारी आजी ती वाचायला बसे, आणि शेवट जवळ आला की पदर सारखा करून थोडी ताठ बसे. तिथे फलश्रुती येई. हा ग्रंथ जो वाचील, जो ऐकेल, जो लिहून काढील, जो घरात जपून ठेवील, त्याच्या पदरात काय पडेल ते त्यात सांगितलेलं असे. रोग जातील, संकटं टळतील, घर नांदतं राहील. लहानपणी मला तो भाग लवकर संपावासा वाटे. पुढे आयुष्यभर लोकांना ‘अमुक वाचा, तमुक वाचा’ असं सांगत हिंडताना कधीतरी लक्षात आलं, की माझ्या या सवयीचा सगळ्यात जुना पूर्वज आजीच्या त्या पोथीच्या शेवटच्या पानांवर बसलेला आहे. फलश्रुती ही मराठीतली पुस्तकाची पहिली शिफारस.

त्यात ज्या चार माणसांना उद्देशून आश्वासन दिलेलं असतं ती पाहा. वाचणारा, ऐकणारा, लिहून काढणारा आणि जपणारा. छापखाना नव्हता तेव्हा पुस्तकाचा जीव या चौघांच्या हातात होता. चौघांपैकी एक जरी सुटला तरी ग्रंथ पुढच्या पिढीला दिसायचा नाही. पुस्तक आवडलं एवढंच सांगून तेव्हा भागत नव्हतं, ते पुढे जगेल अशी तजवीज करावी लागे आणि फलश्रुती ती करून ठेवी. गुरुचरित्राच्या अखेरच्या अवतरणिकेत तर सप्ताह कसा करायचा, कोणत्या दिवशी किती अध्याय वाचायचे, हेही नेमून दिलं आहे. वाच एवढंच सांगून ती पोथी थांबत नाही, कसं वाच तेही सांगते.

दासबोधाचा आरंभ मला याहून अधिक आपल्या काळाजवळचा वाटतो. श्रोते विचारतात, हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितलं आहे आणि ऐकून काय मिळतं, आणि समर्थ रामदास तिथूनच सांगायला लागतात. आजही कुणी पुस्तक सुचवलं की आपण नेमकं हेच विचारतो. सातव्या दशकात त्यांनी ग्रंथ कशाला म्हणावं याची कसोटीही दिली आहे. परमार्थ वाढला पाहिजे, वाचणाऱ्याला अनुताप झाला पाहिजे, भक्ती आवडू लागली पाहिजे. तसं होत नसेल तर त्यांच्या लेखी तो ग्रंथच नाही. कथा-कादंबऱ्यांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला ही कसोटी अपुरी वाटते. पण वाचून झाल्यावर माणूस जसाच्या तसा राहिला तर त्या वाचनाचं काय करायचं, हा त्यामागचा प्रश्न मला कधी टाळता आलेला नाही.

शिफारस हा शब्द फारसीतून आला, दरबारातून. मुळात ती माणसाची असे. अमुक माणूस विश्वासाचा आहे, त्याला चाकरीत घ्या, असं सांगणाऱ्याच्या शब्दावर तो माणूस घेतला जाई. त्याने दगा दिला तर बोल शिफारस करणाऱ्याला लागे. पुस्तकाच्या बाबतीतही हा शब्द वापरताना त्याच्या पोटातला जामीन विसरू नये. ज्यांनी ज्यांनी मराठीत पुस्तक दुसऱ्याच्या हाती मनापासून दिलं, त्यांनी त्यासोबत स्वतःचं काहीतरी गहाण ठेवलं. त्याचाच हा मागोवा आहे.

आधी गहाण पडे तो देह. पोथी उतरवून काढणारे लेखक अखेरीस एक संस्कृत श्लोक घालत. पाठ, कंबर, मान मोडून, डोळे ताणून, खाली मान घालून हे कष्टाने लिहिलं आहे, तेव्हा नीट सांभाळा, अशी त्यात विनवणी असते. दुसऱ्या एका श्लोकात पोथीच बोलते. तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं असावं, ओळी कशा सरळ असाव्यात, समास किती सोडावा, कागद आणि शाई कशी असावी, हे सगळं त्यात बारकाईने येतं. मठामठांतून ग्रंथ उतरवले जात होते, त्यामागे ही शिस्त होती. एखाद्याने दासबोध दुसऱ्यासाठी लिहून दिला म्हणजे आपले कित्येक महिने त्याला दिले.

आणि तरीही देण्याची भीती होतीच. पुस्तक दुसऱ्याच्या हाती गेलं की गेलं, असं सांगणारं संस्कृत सुभाषित आपल्या सगळ्यांच्या कानावरून गेलं आहे. महानुभावांनी तर आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पंथाबाहेरच्या माणसाला ते वाचता येऊ नयेत, हाच हेतू. त्या पोथ्या टिकल्या हे खरं, पण मराठीचं इतकं जुनं गद्य कितीतरी शतकं मराठी वाचकांपासून दूर राहिलं. ती चुटपुट मला आजही लागते.

याच्या उलट टोकाला एकनाथ महाराज आहेत. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली सांगून झाली. पुढे तीनशे वर्षांत नकला होत होत तिच्यात चुका शिरल्या, लोकांनी आपल्या ओव्या घुसडल्या. नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, अनेक प्रती पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यात कुणीही आपली ओवी घालू नये अशी ताकीद शेवटी लिहून ठेवली. स्वतः एवढे मोठे कवी, पण ज्ञानेश्वरीत त्यांनी स्वतःला जागा दिली नाही. ज्ञानेश्वरी वाच असं आजवर कितीजणांनी कितीजणांना सांगितलं असेल, पण ती वाचण्याजोगी राहील याची हमी घेणारा माणूस हा एकच.

मग छापखाना आला. 1831 साली गणपत कृष्णाजींनी पंचांग छापलं, 1832 च्या 6 जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं. एका पुस्तकाच्या शेकडो प्रती झाल्या आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला. पोथी गुरूकडून, वडिलांकडून, मठातून येई. तिला पत होती. छापलेलं पुस्तक दुकानातून येतं, त्याची पत कुणी ठरवायची?

जुनी मराठी पुस्तकं उघडली की याचं उत्तर पहिल्या पानांवरच सापडतं. रावबहादूर, शास्त्री, हेडमास्तर, संपादक यांचे ‘अभिप्राय’ आधी, मग प्रस्तावना, कुठे कुठे आगाऊ पैसे भरणाऱ्या आश्रयदात्यांची नावनिशीवार यादी, आणि त्यानंतर पुस्तक. मी त्या याद्या वाचत बसतो. कोण कुठला मामलेदार, कोण कुठल्या तालुक्याचा वकील. पुस्तक छापण्याआधीच त्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला, रोख पैसे टाकून. त्यांची दुसरी काहीही आठवण आज उरलेली नसेल, पण या एका विश्वासामुळे ती नावं छापली गेली आहेत.

पुण्यात 1848 साली नेटिव्ह जनरल लायब्ररी उभी राहिली. आजचं पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. तिच्या उभारणीत लोकहितवादी होते. त्याच वर्षी भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मधून त्यांची शतपत्रं येऊ लागली, आणि लोक वाचत नाहीत, नवं जाणून घेत नाहीत, ही तळमळ त्यात पुन्हा पुन्हा येते. नुसतं रागावून ते थांबले नाहीत, आपल्या गावात पुस्तकांची खोली उघडायला त्यांनी हातभार लावला, हे मला महत्त्वाचं वाटतं. रत्नागिरीत, नाशकात, कोल्हापुरात अशाच खोल्या त्या काळात उघडत गेल्या.

सरकारही शिफारस करू लागलं. पेशवाईत शास्त्री-पंडितांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी चालू ठेवली होती. तिचा काही भाग मराठी पुस्तकांच्या बक्षिसांसाठी वळवला गेला आणि 1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली. बक्षीस मिळालं की पुस्तकाला वजन येई. पण बक्षीस द्यायला बसलेले हात कुणाचे होते? 1855 साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे पाठवलं. भोळ्या शेतकरी जोडप्याला धर्माच्या नावाने कसं लुबाडलं जातं, ते त्यात होतं. कमिटीने ते नाकारलं. त्यांच्या हयातीत ते नाटक छापलंच गेलं नाही. एका नकारामुळे मराठी नाटकाच्या अगदी आरंभीचा केवढा मोठा ऐवज वाचकांपर्यंत पोचायचा राहिला!

ही गोष्ट ध्यानात ठेवली तर तीस वर्षांनंतरचं त्यांचं पत्र नीट समजतं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी 1878 मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरवली होती. आजच्या साहित्य संमेलनांची गणती तिथून सुरू होते. दुसरी सभा 1885 साली पुण्यातच झाली. जोतीरावांना निमंत्रण गेलं आणि त्यांनी नकाराचं पत्र पाठवलं. ते ‘ज्ञानोदय’मध्ये छापलं गेलं. ज्यांच्या ग्रंथांत माणसाला माणसाचे हक्क देण्याची गोष्ट नाही, त्यांच्या सभा आणि त्यांची पुस्तकं यांचा आमच्या सभांशी आणि पुस्तकांशी मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय. ते पत्र साहित्याच्या इतिहासात बंड म्हणून सांगितलं जातं. माझ्या मते ते वाचकाचं पत्रही आहे. तुम्ही जी पुस्तकं चांगली म्हणून आमच्यापुढे ठेवता त्यांत आम्ही कुठे आहोत, असा प्रश्न मराठीत इतक्या स्पष्टपणे आधी कुणी विचारला नव्हता. शिफारस करणाऱ्या प्रत्येकाने तो आपल्या उशाशी ठेवावा.

रानड्यांविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. त्यांचे डोळे अधू होते. पत्नी रमाबाईंना त्यांनी लिहा-वाचायला शिकवलं आणि पुढे त्याच त्यांना वाचून दाखवू लागल्या. 1910 साली निघालेल्या रमाबाईंच्या आठवणींत घरातल्या या वाचनाची हकीकत आहे, आणि शिकणारी सून म्हणून घरातल्या बायकांकडून सोसाव्या लागलेल्या जाचाचीही. त्या घरात हातात पुस्तक धरणं हीच मोठी किंमत होती.

चिपळूणकरांचा मार्ग निराळा. विष्णुशास्त्र्यांनी जानेवारी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ काढली. तिच्यात वाचनावर निबंध आहे, ग्रंथांवरच्या टीकेवर निबंध आहे आणि मोरोपंतांच्या कवितेवर अंकामागून अंक चालणारं विवेचन आहे. इंग्रजी शिकलेल्या तरुणांना मोरोपंत शिळे वाटू लागले होते. शास्त्रीबुवांनी त्यांना धरून बसवलं आणि ओळीतलं सौंदर्य उलगडून दाखवलं. ही शिफारस मला आजही अव्वल वाटते, कारण त्यांनी मोरोपंत थोर आहेत असं जाहीर करून सोडून दिलं नाही, ते कुठे थोर आहेत ते बोट ठेवून दाखवलं. त्यांची काही मतं मला मुळीच पटत नाहीत. जोतीरावांच्या लेखनावर त्यांनी जी झोड उठवली तिथे त्यांची रसिकता त्यांना सोडून गेली, असं माझं स्पष्ट मत आहे. पण सरकारी नोकरी सोडून हा माणूस छापखान्यात, वर्तमानपत्रांत उतरला आणि ‘किताबखाना’ नावाचं पुस्तकांचं दुकान काढून बसला. वाचा म्हणायचं आणि पुस्तक मिळण्याची सोयही आपणच करायची, ही त्यांची रीत पुढच्या अनेकांनी उचलली. 1867 पासून चाललेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’ने पुस्तकपरीक्षणाची शिस्त घातली आणि ते मासिक 1937 पर्यंत टिकलं. लेखकाला न घाबरता पुस्तकाचं वजन करण्याची सवय मराठीला या दोघांमुळे लागली.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे सगळं लिहायला बसलो, तिथे येतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली मुंबई. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा पुस्तक घेऊन बसलेला असे. तिथेच येणाऱ्या एका शिक्षकाचं त्याच्याकडे लक्ष गेलं. शिक्षकाचं नाव कृष्णाजी अर्जुन केळूसकर, वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे. विल्सन हायस्कुलात शिकवत, चरित्रं लिहीत. मुलाचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. पुढे मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला तेव्हा त्याच्या समाजातल्या लोकांनी कौतुकाची सभा घ्यायचं ठरवलं. वडिलांचा, रामजी सुभेदारांचा, आधी विरोध होता. अशा कौतुकाने पोरगं हुरळून जाईल, अशी त्यांना भीती वाटली. अखेर सभा झाली आणि केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र मुलाच्या हातात ठेवलं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने निघणाऱ्या ग्रंथमालेसाठी ते लिहिलेलं होतं.

बाबासाहेबांनी ही हकीकत आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितली आहे. ते पुस्तक त्यांनी मन लावून वाचलं आणि ते हलून गेले. मग त्यांनी घरी जाऊन वडिलांना प्रश्न केला. तुम्ही आम्हाला महाभारत-रामायण वाचायला लावता, पण बौद्ध वाङ्मयाची ओळख का करून दिली नाही? रामजी कबीरपंथी होते, मुलांच्या वाचनावर त्यांचं बारीक लक्ष असे. त्यांचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. आपण अस्पृश्य, आपल्या मनात कमीपणाची भावना बसण्याचा धोका. द्रोण, कर्ण अशी साधी माणसं केवढ्या उंचीला गेली, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कवी झाला, हे वाचून ती भावना जाते, म्हणून मी ते वाचायला लावतो. मुलाला ते पटलं नाही. महाभारतातली माणसं आपल्याला का आवडत नाहीत, हे त्याने वडिलांना सांगितलं. वडील गप्प बसले.

मी हा प्रसंग कितीदा वाचला असेल. एका चाळीतल्या खोलीत पुस्तकांच्या दोन शिफारशी समोरासमोर आल्या आहेत. एक बापाची, मुलाचा कणा ताठ राहावा म्हणून काळजीपोटी केलेली. दुसरी परजातीच्या एका शिक्षकाची, आपलंच पुस्तक मुलाच्या हातात देऊन केलेली. दोघांनाही मुलाचं भलं हवं होतं. आणि निवड मुलाने केली, वाचून केली. गुरुजींचा आधार तिथेच संपला नाही. पैशाअभावी शिक्षण अडलं तेव्हा त्यांनी भीमरावांना सयाजीराव महाराजांपुढे नेलं आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. 1913 मध्ये ते बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. पुस्तकासाठी जामीन राहिलेला माणूस वाचकासाठीही जामीन राहिला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी जी धम्मदीक्षा घेतली तिला कारणं अनेक आहेत. पण त्या वाटेवरचं एक पाऊल त्या भेट दिलेल्या पुस्तकावर पडलेलं आहे, हे बाबासाहेबांनी स्वतःच नोंदवून ठेवलं.

गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींची गोष्टही इथे आठवते. त्यांना कुणी हातात पुस्तक दिलं नव्हतं. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातला बुद्धावरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि तो तरुण घर सोडून बुद्धाचा धर्म शिकायला निघाला, तो नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेशापर्यंत गेला. लहान मुलांच्या मासिकात कोण काय छापतो, यावर कुणाचं आयुष्य अवलंबून असेल ते सांगता येत नाही.

बडोद्याचं नाव आलंच आहे, तर तिथल्या पेट्यांविषयी लिहिलं पाहिजे. सयाजीराव स्वतः वाचणारे राजे. गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहास वाचताना काढलेल्या टिपणांचं पुस्तक त्यांनी 1896 मध्ये छापलं. राजाने आपण सध्या काय वाचतो आहोत ते प्रजेला असं सांगितल्याची दुसरी उदाहरणं फार नसतील. 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले, मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, आणि संस्थानातल्या खेड्यांत लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालयं पाठवली. पेटीत कोणती पुस्तकं घालायची हे ठरवणं म्हणजे न पाहिलेल्या गावाला, न पाहिलेल्या वाचकाला शिफारस करणं. ती पेटी शंभर वर्षांनी नाशकात पुन्हा दिसते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी 2009 मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. एका पेटीत 100 पुस्तकं, एक वाचकगट, ठरावीक दिवसांनी पेट्यांची अदलाबदल. या पेट्या दुबईसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी माणसांपर्यंतही पोचल्या आहेत.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात वाचकाचा शब्द छापला जाऊ लागला, हा मोठा बदल. 1964 च्या जानेवारीत केशवराव कोठावळे यांनी ‘ललित’ सुरू केलं. जयवंत दळवींचं ‘ठणठणपाळ’ हे त्याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं सदर, पण माझ्या दृष्टीने ‘चोखंदळ वाचकांची निवड’ हे जास्त मोलाचं. वर्षभरात निघालेल्या पुस्तकांतली आपल्याला आवडलेली कोणती, हे वाचकाने सांगायचं. रावबहादुरांचा अभिप्राय मागे पडला आणि त्या जागी वाचक आला. औरंगाबादहून भालचंद्र नेमाडे आणि चंद्रकांत पाटील यांनी काढलेल्या लघुनियतकालिकाचं नावच मुळी ‘वाचा’ होतं.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दिनकर गांगल, अरुण साधू, कुमार केतकर, अशोक जैन या मंडळींनी ‘ग्रंथाली’ उभी केली. तिने स्वतःला प्रकाशनसंस्था म्हणण्याऐवजी वाचक चळवळ म्हटलं. आगाऊ पैसे भरणारे वाचक गोळा करायचे, त्यांच्या बळावर पुस्तकं काढायची, प्रदर्शनं घेऊन गावोगाव जायचं. एकोणिसाव्या शतकातली आश्रयदात्यांची यादीच ही, फक्त आता तिच्यात कारकून, शिक्षक, विद्यार्थी होते. 1978 साली याच ‘ग्रंथाली’ने दया पवारांचं ‘बलुतं’ काढलं आणि 1980 मध्ये लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’. जोतीरावांनी 1885 साली विचारलेल्या प्रश्नाला पुस्तकांतून उत्तर मिळू लागलं होतं. आणि या पुस्तकांच्या बाजूने पु. ल. देशपांडे उभे राहिले. हसवणारे पु. ल. ज्या घरांतून पाठ होते त्या घरांना त्यांनी ‘बलुतं’ वाचायला लावलं. सुखवस्तू वाचकाला अस्वस्थ करणारं पुस्तक त्याच्या आवडत्या लेखकाने त्याच्या हातात द्यावं, यात लेखकाची लोकप्रियताच पणाला लागते. पु. लं.नी ती लावली. त्यांच्या विनोदाइतकंच हे त्यांचं काम मला मोठं वाटतं.

याच काळात धारवाडला बसून जी. ए. कुलकर्णी पत्रं लिहीत होते. लोकांत फारसे न मिसळणारे जी. ए. पत्रांत मात्र पुस्तकांबद्दल पानंच्या पानं लिहीत. काय वाचलं, काय आवडलं, कशाने निराशा केली. त्यांची निवडक पत्रं चार खंडांत आली, आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्यांना लिहिलेली ‘प्रिय जी. ए.’ या नावाने. मी कितीतरी पुस्तकं त्या पत्रांवरून शोधून वाचली. खासगी पत्रात केलेल्या शिफारशीत एक गोष्ट असते जी जाहीर लेखात क्वचित सापडते. ती एकाच माणसासाठी असते. हे तुला आवडेल, कारण तू असा आहेस, इतकं तिथे गृहीत असतं.

गोविंद तळवलकरांचं ‘वाचता वाचता’, निरंजन घाटे यांचं ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’ अशी पुस्तकांवरची पुस्तकं पुढे येत राहिली. सतीश काळसेकरांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ला 2013 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. कवी म्हणून ते मोठे होतेच. पण कुठल्या दुकानात काय मिळालं, कुठल्या मित्राने काय दिलं, हे साधेपणाने सांगणाऱ्या लेखनाचा तो गौरव होता.

माझ्या गावच्या वाचनालयात एक ग्रंथपाल काका होते. काउंटरवर लोखंडी जाळी, तिच्यामागे ते. मी बाराएक वर्षांचा असताना त्यांनी माझ्या हातातली रहस्यकथा बाजूला ठेवली आणि दुसरंच पुस्तक पुढे सरकवलं. म्हणाले, “हे ने. नाही आवडलं तर उद्या बदलून देईन, तुझ्या कार्डावर चढवणार नाही.” ते पुस्तक मी दोन दिवसांत संपवलं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर माझ्याआधीचा शिक्का चार वर्षांपूर्वीचा होता. चार वर्षं कुणी न नेलेलं पुस्तक त्यांनी माझ्यासाठी लक्षात ठेवलं होतं. महाराष्ट्रात आज शासनमान्य वाचनालयं हजारोंनी आहेत. त्यातल्या प्रत्येकाच्या काउंटरमागे स्वतः वाचणारा माणूस असावा, त्याला त्या कामाचा पुरेसा पगार मिळावा, एवढी एक मागणी मी जिथे बोलायला मिळेल तिथे करत आलो आहे आणि इथेही करतो.

मागच्या 6 डिसेंबरला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, मी दादरला होतो. चैत्यभूमीकडे जाणारी रांग शिवाजी पार्कापर्यंत लांबलेली आणि मैदानात पुस्तकांचे स्टॉल. दरवर्षी असतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, रात्रभर रेल्वेत बसून आलेली माणसं तिथे पुस्तकं विकत घेतात. एक बाई ताडपत्रीवर मांडलेल्या पुस्तकांपुढे उकिडव्या बसल्या होत्या, शेजारी शाळेच्या गणवेशातली मुलगी. बाईंना वाचता येत नसावं, कारण त्या एकेक पुस्तक उचलून मुलीला नाव विचारत होत्या. मुलगी नाव वाचून दाखवी. चौथ्या की पाचव्या पुस्तकाला बाई म्हणाल्या, “हे घे. हे वाच आणि मला सांग काय लिवलंय.” त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली आणि पैसे मोजून दिले.